रात्रपाळी करणाऱ्याची दिवसाची झोप नेमकी कशी मोजायची?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही संगणकासमोर कायमची रात्रपाळी करून सकाळी ९ ला झोपता, दुपारी ४ ला उठता. मनगटावरचं घड्याळ कधी सहा तास दाखवतं, कधी अडीच, कधी काहीच नोंदवत नाही. मग खरी झोप किती झाली हे कळायचं कसं, आणि कंपनीने आरोग्य तपासणीचा जो फॉर्म दिलाय त्यात "रोज किती तास झोपता" या रकान्यात लिहायचं काय? मी फॉर्मपासून सुरू करतो. अशाच एका रकान्यात लिहिलेल्या आकड्यामुळे माझ्या सहकाऱ्याची पगारवाढ बंद झाली होती.

त्या रकान्यात "८ तास" लिहू नका. "६ तास" असा नुसता आकडाही लिहू नका. "अंथरुणात ७ तास, त्यात झोप अंदाजे इतकी, मधे इतक्या वेळा जाग" असं लिहा. जागा पुरली नाही तर कागदाच्या मागे लिहा आणि खाली सही-तारीख टाका. का, ते जरा लांबण लावून सांगावं लागेल.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मी बॉयलर अटेंडंट होतो. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल, आणि बदल उलटा: थर्ड म्हणजे रात्रपाळी संपली की सेकंड म्हणजे दुपारची, सेकंड संपली की फर्स्ट म्हणजे सकाळची. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती लागते, तिच्यात कामगार आणि व्यवस्थापनाची माणसं सारख्या संख्येने असतात. कारखाने अधिनियमात तसं कलमच होतं, ४१-जी, भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली घातलेलं. त्या समितीवर मी कामगारांच्या बाजूने होतो.

साधारण २००६-०७ चा काळ. उन्हाळ्यातली एक थर्ड शिफ्ट. पहाटे साडेचारच्या सुमाराला बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी उतरली, अलार्म वाजला, आणि माझ्या सहकाऱ्याने पाणी भरणारा दुसरा फीड पंप चालू करेपर्यंत बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. यंत्रणेने आपलं काम केलं. पण वाफ बंद झाली, रिअॅक्टरमधली तयार होत असलेली बॅच वाया गेली, आणि बॅच गेली की जबाबदार माणूस शोधावाच लागतो. हा माणूस खुर्चीवर ताठ बसलेला होता. ४ वाजताची रीडिंग त्याच्याच अक्षरात लॉगबुकात होती. "मी झोपलो नव्हतो," असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला आणि सगळ्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. मी त्याला तेव्हाही खोटं बोलणारा मानलं नाही, आजही मानत नाही. झोपेची उपासमार झालेला मेंदू काही सेकंदांसाठी विझतो, डोळे उघडे असतानाही. त्या माणसाला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो.

चौकशीत कंपनीच्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणीचा फॉर्म काढला. "झोप: ८ तास." खाली सही. निष्कर्ष निघाला की विश्रांती पुरेशी होती, सबब निष्काळजीपणा. मेमो, आणि इन्क्रिमेंट बंद.

आता तो आठ कुठून आला ते बघा. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरून तो ८ च्या सुमाराला घरी यायचा, अंघोळ-चहा करून ९ ला आडवा व्हायचा आणि ५ ला उठायचा. नऊ ते पाच आठ तास. रकान्यात एकच आकडा मावतो, त्याने एकच लिहिला. डोंबिवलीतली दोन खोल्यांची जागा, भारनियमनाचे दिवस. पंखा बंद पडला की घामाने जाग. मधे गॅसवाला, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, साडेबाराला शाळेतून येणारा मुलगा. रकान्यात यातलं काहीच नव्हतं.

मी समितीत म्हणालो की हा आकडा अंथरुणाचा आहे, झोपेचा नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, "दिवसा झोपलं काय आणि रात्री झोपलं काय, आठ तास ते आठ तास." या एका वाक्याशी माझं भांडण आहे. निवृत्त झालो तरी ते मिटलेलं नाही.

आठ तास ते आठ तास नसतात. शरीराचं तापमान पहाटे ४-५ च्या सुमाराला सगळ्यात खाली असतं आणि सकाळपासून चढायला लागतं. रात्री झोपणारा माणूस उतरत्या तापमानात झोपतो, आपण चढत्या तापमानात. रात्रभर जागल्याचा ताण इतका असतो की डोकं टेकताच झोप लागते, पहिल्या दोन-तीन तासांत गाढ झोप उरकून घेतली जाते. मग तो ताण उतरला की बारा-एकच्या सुमाराला डोळे टक्क उघडतात, घरात चिटपाखरू नसलं तरी. त्यामुळे दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा एक ते चार तासांनी कमी भरते, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय.

यातलं मला सगळ्यात पटलेलं काम स्वीडनचं. टॉर्सवाल आणि ओकेरस्टेट या संशोधकांनी १९८९ साली कागद कारखान्यातल्या २५ कामगारांवर ते प्रसिद्ध केलं. डोक्याला तारा लावून, अंगावर बाळगायच्या टेप रेकॉर्डरवर पूर्ण २४ तास मेंदूच्या लहरी टिपल्या, घरी झोपताना आणि कामावर असताना सुद्धा. रात्रपाळीनंतरची झोप दुपारच्या पाळीनंतरच्या झोपेपेक्षा दोन तासांनी कमी निघाली. गाढ झोप टिकली होती, तुटली ती मधली हलकी झोप आणि स्वप्नांची झोप. आणि २५ पैकी पाच जणांच्या नोंदीत रात्रपाळीत कामावर असताना झोप सापडली. पाचांतला एक! हा कागद चौकशीच्या वेळी माझ्या हातात असता तर मी तो टेबलावर आपटला असता.

हातात नव्हता, म्हणून आम्ही दुसरं केलं. त्याच्या घरी आणि आमच्याही घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर दुधाचा हिशेब लिहिला जायचा. बॉयलर हाउसच्या चार-पाच घरांतल्या बायकांना मी सांगितलं की थर्ड शिफ्टच्या आठवड्यात त्याच चौकोनात हेही लिहा: दार कधी लोटलं, घोरणं कधी ऐकू आलं, बाहेर कधी आले, कशामुळे आले, परत कधी आडवे झाले. त्यांनी जे लिहिलं त्याला तोड नाही. "९.१० पडले. १०.४० लाइट गेली, उठून बसले. ११.१५ परत. १२.३० बंड्या आला. १ जेवले. २ पडले, कूस बदलत होते, झोप नाही. ३ ते ४ लागली." आपल्याला झोपेत किती वेळा जाग आली हे आपल्याला धड आठवत नाही, शेजारच्या खोलीत भाजी निवडणाऱ्या बाईला सगळं माहीत असतं. त्या कागदांवर आठातले जेमतेम पाच तास झोप म्हणण्यासारखे दिसत होते, तेही तुकड्यातुकड्यांत.

डॉक्टरसाहेबांनी कॅलेंडरं उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, हे शास्त्रीय नाही, बायका नवऱ्याच्या बाजूनेच लिहिणार. मग कुठलं मोजमाप शास्त्रीय, याच्या मागे मी लागलो ते आजतागायत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं.

सगळ्यात पक्कं मोजमाप म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. टाळू, डोळ्यांच्या कडा आणि हनुवटी इथे तारा, आणि नोंदीचा ३०-३० सेकंदांचा एकेक तुकडा घेऊन त्यावर जागा, हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नझोप असा शिक्का. त्याचे नियम १९६८ साली ठरले, २००७ साली अमेरिकेच्या निद्रावैद्यक संस्थेने नव्याने लिहिले. पण ही तपासणी सहसा थंड, अंधाऱ्या, आवाज नसलेल्या खोलीत होते. तिथे दाराची बेल वाजत नाही. तिथे झोपून आलेला आकडा हा तुमच्या शरीराला काय जमतं ते सांगतो, तुमच्या घरी काय होतं ते सांगत नाही. रात्रपाळीवाल्याची अर्धी अडचण घरात असते, हे प्रयोगशाळेच्या कागदावर उमटतच नाही.

दुसरं साधन मनगटावरचं, अॅक्टिग्राफ. तुमचं घड्याळही मुळात तेच, वर नाडी बघणारा हिरवा दिवा जोडलेला. मनगट किती हललं ते दर मिनिटाला मोजायचं आणि आजूबाजूच्या मिनिटांना वजन देऊन ठरवायचं की माणूस झोपला आहे की जागा. कोल आणि क्रिप्के यांचं १९९२ चं सूत्र यासाठी अजून वापरतात. याची खोट एकच आणि मोठी आहे. हालचाल नाही म्हणजे झोप, असं ते धरतं. झोपलेल्याला झोपलेला म्हणण्यात ते हुशार, पण निपचित जागा असलेल्या माणसाला ओळखण्यात कच्चं. दुपारी दोन वाजता "आता हललो तर उरलीसुरली झोपही जाईल" म्हणून डोळे मिटून, श्वास मोजत, बाहेरच्या भंगारवाल्याची आरोळी ऐकत पडलेला माणूस त्याच्या लेखी झोपलेला असतो. उलट बसमध्ये खिडकीला डोकं टेकून लागलेली खरी झोप, गाडीच्या हादऱ्यांमुळे, ते जागेपणात टाकू शकतं. शिवाय काही घड्याळं तुम्ही आधी नेमून दिलेल्या झोपेच्या वेळेबाहेर नीट बघतच नाहीत, आणि छोट्या तुकड्यांना झोप मानत नाहीत. तुमचे "अडीच तास" आणि "काहीच नाही" बहुधा तिथून येतात. झोपेची वेळ घड्याळात दिवसाची लावून बघा. "गाढ झोप ४७ मिनिटं" वगैरे जे रंगीत पट्टे दाखवतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ती गणितं मुख्यतः रात्री झोपणाऱ्यांवर बेतलेली आहेत.

प्रश्नावल्यांबद्दल माझं मत कडक आहे. झोपेची प्रत तपासायला जगभर वापरली जाणारी पिट्सबर्गची प्रश्नावली १९८९ ची. ती विचारते की गेल्या महिन्यात तुम्ही रात्री सहसा किती वाजता झोपायला गेलात. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला "सहसा" कुठून असणार? दुसरी एपवर्थची, १९९१ ची, ऑस्ट्रेलियातली. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, दहाच्या वर गेलात तर दिवसा झोप जास्त येते असं समजायचं. त्यातला एक प्रसंग आहे, दुपारी आडवं पडल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? अहो, थर्ड शिफ्टवाल्याची दुपार हीच त्याची रात्र! तिथे तीन गुण मिळाले तर तो आजारी नाही, आणि शून्य मिळाला तर काळजी करायला हवी. दिवसपाळीवाल्यांनी दिवसपाळीवाल्यांसाठी बनवलेल्या या पट्ट्या आहेत. त्या आपल्याला लावायच्या असतील तर आधी प्रश्न बदला.

त्या क्षणी पेंग किती येतेय हे मोजणारी कॅरोलिन्स्काची पट्टी मात्र कामाची, १९९० ची. एक म्हणजे टक्क जागा, नऊ म्हणजे झोपेशी झगडत, मोठ्या कष्टाने जागं राहणं. ड्युटीवर १२ ला, २ ला, ४ ला, ६ ला फक्त एक आकडा लिहायचा. दिवसाची झोप पुरली की नाही हे पहाटे ४ च्या आकड्यात दिसतं. झोप मोजण्याचा खरा मुद्दा तोच आहे ना, की जाग कशी राहिली?

आणि आता तुमची वही. हिशेबाचा दिवस कुठे सुरू करायचा, इथेच सगळे फसतात. कॅलेंडरचा चौकोन रात्री बाराला संपतो, घड्याळातला दिवसही बाराला संपतो. पण सकाळी ९ ची झोप, संध्याकाळी ८ ला पाळीवर निघण्याआधी काढलेली डुलकी आणि पहाटे ४ ला खुर्चीत लागलेली पेंग ही एकाच हिशेबातली आहेत. बाराला रेघ मारली की पेंग दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाते आणि कारण पहिल्या दिवसाच्या. याचं उत्तर आमच्या कायद्यात १९४८ पासून लिहिलेलं होतं. कारखाने अधिनियमाचं कलम ५७: मध्यरात्रीच्या पुढे जाणाऱ्या पाळीतल्या कामगाराची सुट्टी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास, आणि मध्यरात्रीनंतर केलेलं काम आदल्या दिवसात धरायचं. आमचे पर्सोनेल ऑफिसर साप्ताहिक सुट्टी मोजताना हे कलम न चुकता लावायचे. मी समितीत म्हणालो, साहेब, सुट्टी मोजताना जो दिवस धरता तोच झोप मोजताना धरा. ते डॉक्टरांकडे बघायला लागले, आणि डॉक्टरसाहेब म्हणाले, कायद्याचा आणि वैद्यकशास्त्राचा संबंध नाही. कसा नाही? दोन्हीकडे माणूस तोच आहे, आणि त्याचा दिवस सकाळी पाळी संपल्यावरच सुरू होतो.

तेव्हा तुम्ही पाळी संपल्यापासून पुढच्या २४ तासांचं एक पान करा. आडवं कधी झालात, झोप कधी लागली असावी, जाग किती वेळा आणि कशाने, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. प्रवासातली आणि ड्युटीवरची डुलकी वेगळ्या ओळीत, लाज न बाळगता. घरात कुणी असेल तर त्यांना वेगळं लिहू द्या आणि नंतर जुळवा. दोन आठवडे तरी ठेवा, आणि सुट्टीचे दिवस वगळू नका. सुट्टीत आपण सगळे रात्रीच्या झोपेकडे पळतो आणि त्याची किंमत पुढच्या पहिल्या पाळीला मोजतो, ती वहीत आली पाहिजे. झोपेला अंथरुणातल्या वेळेने भागून शंभराने गुणा. ८५ च्या वर असेल तर साधारण ठीक मानतात. पण त्या टक्क्यांच्या शेजारी जाग किती वेळा आली तो आकडा लिहाच. प्रत्येक वेळी जाग आल्यावर झोप पुन्हा हलक्या टप्प्यापासून चढायला लागते, त्यामुळे सलग पाच तास आणि पाच तुकड्यांतले पाच तास यांची बरोबरी होत नाही. आमच्या डॉक्टरसाहेबांनी कॅलेंडरवरचे तुकडे पेन्सिलीने जोडून "साडेसहा झाले की" असं म्हटलं होतं. त्यांनी कूस बदलण्याचाही वेळ धरला होता.

त्या बैठकीचं पुढे काय झालं? मिनिट्समध्ये आलं, "कामगारांनी पुरेशी झोप घेण्याबाबत जागरूक राहावे." पाळीचा उलटा फेरा पुढे नवीन प्लँट मॅनेजर आल्यावर सरळ झाला, फर्स्ट, सेकंड, थर्ड, फरक आम्हाला अंगावर जाणवला. अमेरिकेत यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकजवळच्या पोटॅश कारखान्यात हेच केल्याचं काम १९८२ साली 'सायन्स' मासिकात आलं होतं. फेरा सरळ केला, काहींचा बदल आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी केला, आणि कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढलं. म्हणजे आमच्या त्या चौकशीच्या वीसेक वर्षं आधीपासून हे छापील उपलब्ध होतं. माझ्या सहकाऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमधली नोंद मात्र निघाली नाही. तो तीच घेऊन निवृत्त झाला.

म्हणून माझं म्हणणं, झोपेचा आकडा पाळ्यांचं वेळापत्रक सुधारायला मागत असतील तर मोकळ्या मनाने सगळी वही द्या. माणसाला दोष लावायला वापरणार असतील तर देऊच नका, आणि ते आधी लेखी विचारा. घड्याळाचं खातं कंपनीच्या अॅपला जोडायला सांगत असतील तर मी जोडणार नाही.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी डॉक्टर नाही. बॉयलर हाउस आणि तुमचं संगणकासमोरचं काम यात फरक आहे, आणि कायमची रात्रपाळी आणि आमची फिरती पाळी यातही आहे. तुमचे आकडे आमच्यासारखे येतीलच असं नाही. डायरी हा अंदाज आहे, कुठल्याही डायरीत झोप लागायला लागलेला वेळ थोडा चुकीचाच पडतो. पाळीआधीची ठरवून काढलेली डुलकी वाईट नाही, उलट ती काढाच. मी तुकड्यांविरुद्ध बोललो ते मोडलेल्या झोपेबद्दल. सकाळी घरी येताना गाडी चालवताना पेंग येत असेल तर मोजत बसू नका, गाडी सोडा आणि बसने या. झोपेच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका.

आणि जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, उठल्यावर डोकं जड, असं असेल तर तो पाळीचा प्रश्न नसून श्वासाचा असू शकतो, तो वहीत सापडणार नाही. मग निद्रारोगाची तपासणी करणारं केंद्र गाठा. पण वेळ घेताना फोनवर स्पष्ट विचारा की तपासणी तुमच्या झोपेच्या वेळेला, म्हणजे दिवसा, करतील का. पुष्कळ ठिकाणी सरसकट रात्री १० ला बोलावतात, आणि महिनोन् महिने त्या वेळी जागं राहणाऱ्या माणसाला तिथे झोपवून काढलेला कागद त्याच्या रोजच्या झोपेबद्दल फारसं काही सांगत नाही.